सामायिक फोल्डरमधील फाइली हटवल्या जाऊ नयेत म्हणून लिनक्सच्या परवानग्या कशा ठेवाव्यात

ग्राहकांसाठी माहितीपत्रक

ज्या ग्राहकांच्या कार्यालयात आम्ही लिनक्सचा छोटा सर्व्हर बसवून दिला आहे आणि ज्यांचे कर्मचारी त्यावरील सामायिक फोल्डरमध्ये बिले, करारपत्रे, स्कॅन केलेली कागदपत्रे व हिशेबाचे तक्ते ठेवतात, त्यांच्यासाठी हे पत्रक लिहिले आहे. अशा ग्राहकांकडून एक प्रश्न आम्हाला पुन्हा पुन्हा विचारला जातो. महत्त्वाची फाइल कोणाच्या हातून चुकून जाऊ नये म्हणून तिची लेखनाची परवानगी काढून ठेवली होती, कोणी बदल करू गेल्यास ती बदलू देत नव्हती, आणि तरीही एके दिवशी ती फोल्डरमधून नाहीशी झाली. हे कसे घडले? अशा वेळी सर्व्हर बहुधा बिघडलेला नसतो आणि परवानग्यांनाही कोणी हात लावलेला नसतो. लिनक्समध्ये फाइल हटवण्याचा अधिकार फाइलवर लिहिलेलाच नसतो, तो ती ज्या फोल्डरमध्ये आहे त्या फोल्डरवर लिहिलेला असतो. ही एक गोष्ट नीट समजली की पुढील सर्व व्यवस्था आपोआप उलगडते, म्हणून तिच्यावर आम्ही थोडा अधिक वेळ घेत आहोत.

एक सूचना आधी करतो. या पत्रकात आज्ञा देवनागरीत, अक्षरे सुटी करून दिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत आणि अक्षरांमध्ये जागा न सोडता टंकाव्यात. जेथे मोठे अक्षर हवे आहे, तेथे तसे सांगितले आहे.

फाइल हटवणे म्हणजे नेमके काय होते

कार्यालयातील आवक-जावक नोंदवही डोळ्यांसमोर आणा. कागद कपाटात असतो आणि वहीत त्याची एक ओळ असते: अमुक नावाचा कागद, अमुक क्रमांकावर. लिनक्समधील फोल्डर ही अशीच नोंदवही आहे. तिच्या प्रत्येक ओळीत फाइलचे नाव आणि एक क्रमांक असतो, ज्याला आयनोड क्रमांक म्हणतात. फाइलचा मालक कोण, गट कोणता, परवानग्या काय आणि मजकूर डिस्कवर कोठे आहे, ही सर्व माहिती त्या क्रमांकाच्या आयनोडमध्ये असते. फाइल हटवणे म्हणजे नोंदवहीतील ती ओळ खोडणे होय. त्यामुळे हटवताना प्रणाली एवढेच पाहते की समोरच्या व्यक्तीला या वहीत लिहिण्या-खोडण्याची मुभा आहे की नाही. कागदावर कितीही कडक शिक्का मारलेला असला तरी तो त्या वेळी पाहिलाच जात नाही. एका क्रमांकाच्या सर्व ओळी खोडल्या गेल्या आणि ती फाइल कोणत्याही प्रोग्रॅमने उघडून धरलेली नसली, की डिस्कवरील जागा मोकळी म्हणून धरली जाते.

परवानग्या तीन प्रकारच्या असतात आणि त्या मालक, गट व इतर अशा तिघांसाठी वेगवेगळ्या लिहिल्या जातात. वाचनाला ४, लेखनाला २ आणि तिसऱ्या परवानगीला १ असे अंक आहेत. त्यांची बेरीज करून ७, ५, ६ असे आकडे तयार होतात. तिसऱ्या परवानगीचा अर्थ फाइलसाठी ‘प्रोग्रॅम म्हणून चालवणे’ असा, तर फोल्डरसाठी ‘आत प्रवेश करणे’ असा होतो. फोल्डरवरील वाचनाने आतील नावांची यादी दिसते, लेखनाने आत नवे नाव घालता येते, जुने खोडता येते किंवा बदलता येते, आणि प्रवेश नसेल तर लेखन असूनही उपयोग होत नाही. फाइल ४४४ केली, म्हणजे सर्वांना केवळ वाचनाची परवानगी ठेवली, तर तिचा मजकूर राखला जातो. तिचे नाव मात्र फोल्डरच्या परवानगीवर अवलंबून राहते. अशी फाइल आर-एम आज्ञेने हटवू पाहिल्यास टर्मिनलवर ‘रिमूव्ह राइट-प्रोटेक्टेड रेग्युलर फाइल’ असा प्रश्न येतो, आणि पुष्कळांना वाटते की येथे आपले रक्षण झाले. तो प्रश्न आर-एम हा प्रोग्रॅम सौजन्य म्हणून विचारतो. वाय टंकले किंवा आज्ञेला डॅश एफ जोडले, की फाइल जाते.

येथून आणखी एक परिणाम निघतो, जो सहसा लक्षात येत नाही. ‘बिले’ हा फोल्डर कितीही बंदिस्त ठेवला, तरी तो ज्या वरच्या फोल्डरमध्ये आहे त्यात कोणाला लेखनाची परवानगी असेल, तर ती व्यक्ती ‘बिले’ या संपूर्ण फोल्डरचे नाव बदलू शकते. आतील कागद जागेवरच असतात, पण दुसऱ्या दिवशी कर्मचाऱ्यांना ते सापडत नाहीत आणि कार्यालयात घबराट होते. म्हणून मुळापासून त्या फोल्डरपर्यंतची प्रत्येक पायरी पाहावी लागते. त्यासाठी एन-ए-एम-ई-आय ही आज्ञा डॅश एल सह चालवून पुढे पूर्ण मार्ग द्यावा. प्रत्येक पायरीचा मालक, गट आणि परवानग्या ती एकाखाली एक दाखवते.

सामायिक फोल्डर आम्ही कसा मांडतो

सर्वांना सर्व काही देणारा ७७७ हा आकडा आम्ही कोणत्याही ग्राहकाकडे ठेवत नाही आणि आपणही कोणाच्या सांगण्यावरून तो ठेवू नये, अशी आमची आग्रहाची विनंती आहे. ‘फाइल सेव्ह होत नाही’ या तक्रारीवर तो तत्काळ गुण देतो, म्हणून घाईच्या वेळी तोच सुचवला जातो. पण त्यामुळे प्रत्येकाला प्रत्येकाची फाइल हटवण्याची मुभा मिळते.

त्याऐवजी आम्ही कार्यालयातील कर्मचाऱ्यांचा एक गट तयार करतो, सामायिक फोल्डरची मालकी रूट या प्रशासकीय खात्याकडे ठेवतो, गट म्हणून कर्मचाऱ्यांचा गट नेमतो आणि सी-एच-एम-ओ-डी या आज्ञेने फोल्डरला ३७७० ही परवानगी देतो. यातील शेवटचे तीन अंक परिचित आहेत: मालकाला ७, गटाला ७, इतरांना शून्य. पहिला ३ हा २ आणि १ यांच्या बेरजेतून आला आहे. त्यातील २ मुळे या फोल्डरमध्ये तयार होणारी प्रत्येक नवी फाइल आपोआप कर्मचाऱ्यांच्या गटाची होते, मग ती कोणीही तयार केलेली असो. त्यातील १ म्हणजे ज्याला स्टिकी बिट म्हणतात ती खूण, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने तीच सर्वांत महत्त्वाची आहे.

स्टिकी बिट असलेल्या फोल्डरमध्ये लेखनाची परवानगी असलेल्या प्रत्येकाला नवी फाइल ठेवता येते, परंतु एखादी फाइल हटवण्याचा किंवा तिचे नाव बदलण्याचा अधिकार फक्त त्या फाइलचा मालक, त्या फोल्डरचा मालक आणि रूट या तिघांनाच राहतो. नोंदवहीच्या भाषेत सांगायचे तर वही सर्वांसाठी उघडी आहे, पण ओळ ज्याची त्यानेच खोडायची. फोल्डरची मालकी आम्ही रूटकडे ठेवतो ती याचसाठी. ती एखाद्या कर्मचाऱ्याकडे राहिली तर त्या एकाला सर्वांच्या फाइली हटवता येतील. प्रत्येक लिनक्स संगणकावर तात्पुरत्या फाइलींसाठी जो टी-एम-पी फोल्डर असतो, तो याच व्यवस्थेवर चालतो आणि त्याची परवानगी १७७७ असते. ही खूण मूळची १९७४ सालच्या युनिक्सच्या, म्हणजे लिनक्सने ज्या जुन्या प्रणालीचा नमुना घेतला तिच्या, पाचव्या आवृत्तीतील आहे. त्या काळी तिचा अर्थ निराळा होता: वारंवार लागणारा प्रोग्रॅम काम संपल्यावरही स्वॅपच्या, म्हणजे मेमरीला पूरक म्हणून वापरल्या जाणाऱ्या डिस्कवरील, जागेत चिकटून राहावा, म्हणून तिचे नाव स्टिकी. फोल्डरमधील फाइलींच्या रक्षणासाठी तिचा वापर १९८६ सालच्या ४.३ बीएसडी या युनिक्सच्या आवृत्तीपासून सुरू झाला, आणि लिनक्सने तिचा हाच अर्थ घेतला. साध्या फाइलवर ती लावली तर लिनक्स तिच्याकडे दुर्लक्ष करतो, म्हणून ती फोल्डरवरच लावावी.

स्टिकी बिट नाव राखतो, मजकूर राखत नाही. एखाद्या फाइलवर गटाला लेखनाची परवानगी असेल, तर सहकारी ती हटवू शकणार नाही, पण उघडून आतील सर्व ओळी पुसून कोरी सेव्ह करू शकेल, आणि नुकसान तेवढेच होईल. यासाठी नव्या फाइलींची परवानगी ६४० राहील अशी व्यवस्था करावी लागते: मालकाला वाचन व लेखन, गटाला केवळ वाचन, इतरांना काही नाही. थेट लिनक्सवर काम करणाऱ्यांसाठी हे यू-मास्क, म्हणजे नव्या फाइलींतून कोणत्या परवानग्या वगळायच्या ते सांगणारा आकडा, ०२७ ठेवून साधते. विंडोजच्या संगणकांवरून सांबामार्फत, म्हणजे लिनक्सचे फोल्डर विंडोजला दाखवणाऱ्या प्रोग्रॅममार्फत, फाइली ठेवल्या जात असतील, तर सांबाच्या मांडणीत ‘क्रिएट मास्क’ या ओळीत ०६४० लिहावे लागते. ज्या थोड्या फाइलींवर खरोखरच अनेकांनी मिळून लिहायचे असते, त्यांच्यासाठी वेगळा फोल्डर असावा आणि त्याची बॅकअप रोज घेतली जावी, असे आमचे मत आहे. सर्वांना लिहू देणे आणि सर्वांपासून मजकूर राखणे या दोन गोष्टी एकाच फाइलवर परवानग्यांच्या साहाय्याने साधता येत नाहीत.

स्टिकी बिटाची दुसरी मर्यादा उपफोल्डरांची आहे. सामायिक फोल्डरमध्ये कोणी नवा उपफोल्डर तयार केला, तर गटाचा वारसा त्याला मिळतो, परंतु स्टिकी बिट मिळत नाही. त्या उपफोल्डरवर गटाला लेखनाची परवानगी असेल, तर वर केलेली सगळी तजवीज तेथे थांबते आणि कोणीही कोणाचीही फाइल हटवू शकतो. सांबामध्ये नव्या उपफोल्डरांना सक्तीने द्यायच्या परवानगीची ‘फोर्स डिरेक्टरी मोड’ ही ओळ असते. तेथे ३७७० लिहून आम्ही ही उणीव भरून काढतो. ज्यांच्याकडे सांबा नाही, त्यांनी महत्त्वाचे उपफोल्डर प्रशासकाकडूनच तयार करून घ्यावेत. पुढे कधी कोणी सी-एच-एम-ओ-डी ७७० अशी साधी आज्ञा त्या फोल्डरवर चालवली, तर गटाचा वारसा देणारी खूण टिकते, पण स्टिकी बिट मात्र निघून जातो. त्यामुळे वरवर सर्व काही पूर्वीसारखे दिसते आणि रक्षण मात्र गेलेले असते.

या सर्व व्यवस्थेचा पाया म्हणजे प्रत्येक कर्मचाऱ्याचे स्वतंत्र खाते. सर्व जण ‘ऑफिस’ अशा एकाच नावाने आणि एकाच पासवर्डने सर्व्हरवर येत असतील, तर प्रणालीच्या दृष्टीने सर्व फाइलींचा मालक एकच असतो आणि मालकाला आपली फाइल हटवण्याचा अधिकार असतोच. अशा कार्यालयात स्टिकी बिट लावला काय आणि न लावला काय, फरक पडत नाही. सांबाच्या मांडणीत ‘फोर्स युजर’ ही ओळ असेल, तर खाती वेगवेगळी असूनही हाच परिणाम होतो. स्वतंत्र खाती तयार करण्यास काही ग्राहक ‘आमच्याकडे सगळी घरचीच माणसे आहेत’ म्हणून नाखूष असतात. त्यांची भावना आम्ही समजतो. येथे प्रश्न अविश्वासाचा नाही. चुकीच्या खिडकीत चुकीची कळ घरच्या माणसाकडूनही दाबली जाते, आणि त्या एका कळीपासून सर्वांचे काम वाचवणे एवढाच हेतू आहे.

संपलेल्या वर्षाचे दप्तर

चालू कामाच्या फाइली आणि पूर्ण झालेल्या कामाच्या फाइली यांना एकच नियम लावू नये. केंद्रीय वस्तू व सेवा कर कायदा, २०१७ च्या कलम ३६ नुसार हिशेबाचे दप्तर त्या वर्षाचे वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावे लागते, आणि कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १२८ नुसार कंपन्यांना हिशेबाच्या वह्या किमान ८ आर्थिक वर्षे ठेवाव्या लागतात. जे कागद इतकी वर्षे टिकायला हवेत आणि ज्यात आता काहीही बदलायचे नाही, त्यांच्यासाठी साध्या परवानग्यांपेक्षा मजबूत अशी एक खूण लिनक्समध्ये आहे. तिला इम्युटेबल, म्हणजे अपरिवर्तनीय, असे म्हणतात आणि ती एक्स्ट४, एक्सएफएस व बीटीआरएफएस या तिन्ही फाइल-प्रणालींवर, म्हणजे डिस्कवर फाइली मांडण्याच्या पद्धतींवर, चालते.

ही खूण सी-एच-ए-टी-टी-आर या आज्ञेने, प्लस आय असे लिहून लावली जाते आणि मायनस आय लिहून काढली जाते. दोन्ही गोष्टी केवळ रूटला करता येतात. खूण असलेली फाइल हटवता येत नाही, तिचे नाव बदलता येत नाही, तिच्यात एक अक्षरही लिहिता येत नाही, आणि हे बंधन खूण असेपर्यंत खुद्द रूटवरही लागू राहते. म्हणजे घाईत प्रशासकाने चुकीच्या ठिकाणी आर-एम चालवली, तरीही ती फाइल जात नाही; आधी जाणीवपूर्वक खूण काढावी लागते. फोल्डरवर खूण लावली तर त्या फोल्डरमध्ये नवे नाव येत नाही व जुने जात नाही, परंतु आतील फाइलींचा मजकूर त्यामुळे सुरक्षित होत नाही. म्हणून वर्षाचे लेखापरीक्षण पूर्ण झाल्यावर आम्ही त्या वर्षाचा संपूर्ण फोल्डर, आतील प्रत्येक फाइल व उपफोल्डरासह, आज्ञेला डॅश मोठा आर जोडून एकदम बंद करतो. खुणा पाहण्यासाठी एल-एस-ए-टी-टी-आर ही आज्ञा आहे. एल-एस च्या नेहमीच्या यादीत त्या दिसत नाहीत, आणि ‘परवानगी असूनही फाइल हटत नाही’ या गोंधळाचे कारण पुष्कळदा हेच निघते.

दुसरी खूण प्लस ए ही आहे, जिचा अर्थ ‘फक्त भर घालता येईल’ असा होतो. ती फाइलवर असेल तर शेवटी नवा मजकूर जोडता येतो, जुना पुसता येत नाही. ती फोल्डरवर असेल तर आत नवी फाइल ठेवता येते, पण कोणतीही फाइल हटवता किंवा तिचे नाव बदलता येत नाही, मग हटवणारा त्या फाइलचा मालक का असेना. स्कॅनरमधून येणारे कागद थेट ज्या फोल्डरमध्ये साठतात, त्यासाठी ही व्यवस्था आम्हाला विशेष पसंत आहे. मात्र ती रोजच्या कामाच्या फोल्डरवर लावू नये. लिब्रेऑफिस फाइल उघडताना तिच्या शेजारी एक छोटी कुलूप-फाइल तयार करते आणि काम संपल्यावर ती हटवते. आर-सिंक हा फाइलींच्या प्रती करणारा प्रोग्रॅम आधी तात्पुरत्या नावाने फाइल उतरवून मग तिचे नाव बदलते. प्लस ए असलेल्या फोल्डरमध्ये या दोन्ही गोष्टी अडतात आणि निरुपयोगी फाइलींचा ढीग साचतो. दर वर्षी नवा उपफोल्डर केला असेल तर त्यावर खूण नव्याने लावावी लागते, कारण एक्स्ट४ वर या दोन्ही खुणा आत आपोआप उतरत नाहीत.

जेथे परवानग्या पुरत नाहीत

पेनड्राइव्ह बहुधा फॅट किंवा एक्सफॅट पद्धतीचे असतात आणि त्या पद्धतींत मालक, गट वा परवानगी नोंदवण्याची सोयच नसते. त्यामुळे तेथे नेलेली प्रत संपूर्ण उघडी असते. सुडो, म्हणजे रूटच्या अधिकाराने आज्ञा चालवण्याची सोय, वापरण्याचा पूर्ण अधिकार ज्याला दिला आहे, त्याला कोणतीही परवानगी अडवत नाही, म्हणून तो अधिकार एक किंवा दोन व्यक्तींपुरताच ठेवावा. एखाद्या कर्मचाऱ्याच्या विंडोज संगणकात खंडणीखोर व्हायरस शिरला, तर तो त्या कर्मचाऱ्याच्या नावानेच सर्व्हरवर काम करतो: त्याच्या स्वतःच्या फाइली बिघडतात, ६४० ठेवलेल्या इतरांच्या फाइली व प्लस आय केलेली जुनी वर्षे मात्र वाचतात. डिस्कच निकामी झाली तर यातील काहीच उपयोगी पडत नाही. त्यासाठी बॅकअप हवीच, आणि तिची एक प्रत कार्यालयाबाहेर हवी.

स्वतः तपासून कसे पाहावे

एल-एस डॅश एल-डी ही आज्ञा फोल्डरच्या नावासह चालवल्यास ३७७० असलेल्या फोल्डरसमोर डी, आर-डब्ल्यू-एक्स, आर-डब्ल्यू-एस, दोन आडव्या रेघा आणि शेवटी मोठा टी अशी अक्षरे दिसतात. शेवटचा टी मोठा पाहून काही ग्राहकांनी दूरध्वनी केला होता. ती चूक नाही. इतरांना प्रवेशाची परवानगी नसताना टी मोठा दिसतो, आणि असताना छोटा. मग एका कर्मचाऱ्याच्या खात्यातून तेथे एक चाचणीची फाइल ठेवावी आणि दुसऱ्या कर्मचाऱ्याच्या खात्यातून ती हटवून पाहावी. चाचणी रूटच्या खात्यातून करू नये, कारण रूटला स्टिकी बिट अडवतच नाही आणि निष्कर्ष चुकीचा निघतो. खऱ्या कागदावर तर ती कधीही करू नये. येणारा संदेशही वाचण्यासारखा असतो: ‘परमिशन डिनाइड’ आले तर फोल्डरवर लेखनाची वा प्रवेशाची परवानगीच नाही, आणि ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ आले तर फोल्डरवर परवानगी असूनही स्टिकी बिटाने किंवा प्लस आय, प्लस ए यांपैकी एखाद्या खुणेने हात धरला आहे. आम्हाला कळवताना यांपैकी नेमका कोणता संदेश आला तो सांगितल्यास दुरुस्ती बरीच लवकर होते.

इतके करूनही एखादी फाइल गेलीच, तर त्या डिस्कवर नवे काहीही लिहू नका आणि सर्व्हर बंदही करू नका; आधी आम्हाला कळवा. एक्स्ट४ प्रणाली फाइल हटवताना तिचा मजकूर डिस्कवर कोठे होता याची नोंदही आयनोडमधून पुसते, त्यामुळे पुढे शोधकार्य अवघड असते. परंतु ती फाइल अजून सर्व्हरवरील एखाद्या प्रोग्रॅमने उघडून धरलेली असेल, तर तिचा मजकूर शाबूत असतो आणि पी-आर-ओ-सी फोल्डरमध्ये त्या प्रोग्रॅमच्या क्रमांकाखालील एफ-डी या ठिकाणाहून तिची प्रत काढून घेता येते. सांबामार्फत कोणी ती फाइल आपल्या संगणकावर उघडली असल्यास त्यांना ती खिडकी तशीच उघडी ठेवण्यास सांगा. सर्व्हर बंद केला किंवा ती खिडकी मिटली, की हा मार्ग उरत नाही.